बियांची द्राक्षं

निघायच्या दिवशी सकाळी माझं आणि नानांचं भांडण झालं ते द्राक्षांच्या पेटीवरून. ओझरजवळच्या आमच्या मळ्यात जीप उभी, मागे माझ्या बॅगा दोरीने आवळलेल्या, आई पदराने डोळे पुसतेय, धाकटा भाऊ दिलीप पुढे बसून हॉर्न वाजवतोय, आणि आमचे वडील, म्हणजे नाना, एक भरलेली पेटी त्या बॅगांवर चढवताहेत. फेब्रुवारी महिना होता. बागेतला माल उतरायला नुकती सुरुवात झाली होती.

"नाना, विमानात फळं नाही नेऊ देत."

"कोण नाही नेऊ देत? त्याला एक घड द्यायचा. खाईल आणि गप्प बसेल."

"अहो, परदेश आहे तो. तिथे कायदे असतात."

"असू देत की. साहेबाला एवढी गोड द्राक्षं बापजन्मात मिळाली नसतील. बी नाही, काही नाही. तोंडात टाकली की साखर."

मुंबईला ते येणार नव्हते. दुपारी व्यापारी माल बघायला यायचा होता. "पोचल्यावर पत्र टाक" हे आईने सांगितलं, "जपून राहा" हेही आईनेच. नाना शेवटचं बोलले ते असं: "पेटी उन्हात ठेवू नका." जीप वळली तेव्हा मी मागे पाहायला हवं होतं, पण पेटी घसरायला लागली होती, ती धरून बसले. विमानतळावर ती दिलीपच्या हातात दिली आणि आत गेले. परत जाताना इगतपुरीपर्यंत त्याने आणि ड्रायव्हरने मिळून ती संपवली, असं पुढे कळलं.

ही एकोणीसशे त्र्याऐंशीची गोष्ट. तुमच्यापैकी जे तिकडे गावीच राहिले त्यांना वाटतं, निघताना माणसाच्या मनात काय काय भरून येत असेल. माझ्या मनात चिडचिड भरून आली होती.

नानांच्या त्या गोड द्राक्षांवर माझा जुना राग होता. मी शाळेत असताना आमच्याकडे भोकरी असायची. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या जुन्या वेली, जाड सालीची गोल द्राक्षं, आत ठसठशीत बिया. मग थॉम्पसन सीडलेस आली, मांडव आले, तारा आल्या, घड औषधात बुडवायची पद्धत आली. नानांनी एका हंगामात सगळी भोकरी उपटली. आई हळहळली तर म्हणाले, "जे खपतं ते लावायचं. शेती देवघरात ठेवायला नसते." हे वाक्य आम्ही जेवणाच्या ताटावर, परीक्षेच्या निकालावर, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे ऐकलं. मी नाशिकच्या कॉलेजात बॉटनी केली. पुढे शिकायचं म्हटलं तर हेच वाक्य. लंडनच्या बाजूला असलेला डॉक्टर मुलगा सांगून आला, तेव्हाही हेच.

मुलगा लंडनच्या बाजूला नव्हता, साउथहॅम्प्टनला होता. लग्न करून सुहास आधी परत गेले, मागून मी. तिथल्या हॉस्पिटलात ते भूल द्यायचे. स्वभावाने भला माणूस, पण ड्यूट्यांचा रोटा हातात आला की नवऱ्याचं नुसतं वेळापत्रक होऊन जायचं. ऑन-कॉल, नाइट्स, मग झोप. मी खिडकीत. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये गेले तर समोर प्लॅस्टिकच्या डब्यात द्राक्षं. कुठल्याशा उन्हाच्या देशातून बोटीने आलेली, आणि जात कोणती? थॉम्पसन सीडलेस. मी तिथेच उभी राहून मोठ्याने मराठीत काहीतरी बोलले. एका बाईने माझ्याकडे पाहून ट्रॉली वळवली.

एन्झोची आणि माझी ओळख झाली बेसनामुळे. आपल्याकडचं सामान मिळायचं ते दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागायचं. एका पावसाळी दुपारी (तसल्या दुपारी तिथे वर्षभर असतात) आमच्याच हाय स्ट्रीटवरच्या इटालियन दुकानाच्या काचेतून पिवळ्या पिठाच्या पुड्या दिसल्या. आत गेले, पुडी नाकाशी धरली. चण्याचंच पीठ होतं.

काउंटरमागे जाड भुवयांचा एक माणूस उभा होता. "फारिनातासाठी?" त्याने विचारलं.

"पिठल्यासाठी," मी म्हटलं.

दोघांनाही काही कळलं नाही. मग त्याने हातवारे करून सांगितलं की पाण्यात पीठ कालवायचं, तेल घालायचं, भट्टीत भाजायचं. मी सांगितलं, आम्ही फोडणी करतो. त्याने फोडणी म्हणजे काय ते विचारलं आणि बाहेरचा पाऊस थांबेपर्यंत मी तेच समजावत बसले. इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो टाइपरायटरवर एका बोटाने पत्र बडवत होता आणि प्रत्येक अक्षराला शिवी देत होता. मी म्हटलं, सरका. तशी मी तिथे कामाला लागले.

आता यातली गंमत अशी, की मी शाकाहारी, माळकऱ्याच्या घरची, आणि एन्झोचा खरा धंदा पिठाचा नव्हताच, वाइनचा होता. घरी सांगितलं तेव्हा सुहासनी पेपर खाली ठेवला.

"दारूच्या दुकानात?"

"अहो, डेलिकॅटेसन आहे ते. खाण्याच्या सामानाचं."

"डॉक्टरची बायको. मी मंडळात काय सांगू?"

मंडळ म्हणजे आसपासच्या गावांतली आपली डॉक्टर कुटुंबं, गणपतीला एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जमणारी. तिथे बायका मला मोदक वाढताना आवाज खाली आणून विचारायच्या, "अगं, तुला वास सहन होतो?" आणि त्यांचेच नवरे मला पार्किंगमध्ये गाठून विचारायचे, स्कॉच स्वस्तात मिळेल का. स्कॉच नसायचीच आमच्याकडे. हे सांगून सांगून मी थकले. दुकानातून घरी फोन लावला की मी सुहासना "अहो" म्हणते म्हणून एन्झोची समजूत झाली होती की माझ्या नवऱ्याचं नावच ते आहे. दुकानात सुहास आले की तो मिठी मारून ओरडायचा, "मिस्टर आहो!" सुहासनी पहिली दोन वर्षं दुरुस्ती केली, मग सोडून दिली.

एन्झो दुकानात जे खपतं त्यातलं काही ठेवायचा नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. लोक यायचे, गवताच्या वेष्टणातली गोल बाटली मागायचे. नाही. गोड फेसाची मागायचे. तीही नाही. शार्दोने या द्राक्षाची पांढरी वाइन मागायचे. एन्झो भुवया चढवून म्हणायचा, "शार्दोने फ्रान्सची. मी फ्रेंच दिसतो का?" त्याच्याकडे होत्या त्या इटलीतल्या छोट्या छोट्या घरांच्या वाइन्स. प्रत्येक घराची टेकडीभर जमीन, प्रत्येकाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तिथलीच द्राक्षं, आणि प्रत्येकात काहीतरी खोट, असं गिऱ्हाइकाला वाटायचं. फ्राइझा नावाच्या द्राक्षाची लाल वाइन जिभेवर किंचित चुरचुरायची. लोक नासली म्हणून परत आणायचे. रुके नावाच्या वाइनला गुलाबासारखा वास यायचा. कुणी साबण म्हणून परत आणायचं. आणि एन्झोच्या मावसबहिणीच्या मळ्यातली ग्रिन्योलिनो. ती इतकी फिकी, की लोकांना वाटायचं दुकानदाराने पाणी घातलंय. शिवाय चवीला तुरट आणि कडवट.

"कडू का आहे?" मी विचारलं होतं.

"बिया," एन्झो म्हणाला. "या द्राक्षात बिया फार. आमच्या बोलीत बियांना जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव."

बिनबियांच्या घरातून इतक्या लांब आले, आणि नशिबात काय, तर बियांची वाइन विकणं. आणि न पिता विकणं! गिऱ्हाइक विचारायचं, कशी लागते? मी आपली एन्झोने सांगितलेलं पाठ म्हणून दाखवायची. शेवटी एका दुपारी दुकान रिकामं असताना एक घोट घेतला. वाईट होती. मग दुसरा घेतला, पहिला इतका वाईट का लागला ते बघायला. भोकरीची बी चुकून चावली की जीभ जशी आखडायची तशी आखडली. मी पेला धुऊन जागेवर ठेवला आणि घरी कुणाला बोलले नाही. त्यानंतर मात्र बाटली परत आणणाऱ्याशी मी भांडायला लागले.

दिवस गेले, मुलगी झाली, ईशा. ती शाळेत जायला लागली आणि घरात मराठीची पडझड सुरू झाली. एकोणीसशे एक्याण्णवच्या उन्हाळ्यात नाना आले तेव्हा ती विमानतळावरच म्हणाली, "आजोबा, तू दमला का? तुझी बॅग जड आहे ना, तो मला दे." नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला मुद्दाम बिघडवलंय.

आई त्याआधीच गेली होती. एकटे नाना आले, टोपी घालून, सुहासचा जाड कोट वरून चढवून. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या मागच्या बागेतलं हिरवळीचं क्षेत्र पावलांनी मोजलं आणि विचारलं, "एवढी जमीन गवताला?" मी दुकानात निघाले की तेही निघायचे. घरी एकट्याला करमत नव्हतं. दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बाटल्यांकडे नापसंतीने बघत राहायचे. एन्झो त्यांना "प्रोफेसोरे" म्हणायचा, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि नेमकी त्याच महिन्यात पिएरिना आली. हीच ती मावसबहीण, ग्रिन्योलिनोवाली. नवरा वारला होता, दिराच्या सोबतीने मळा करत होती. साठीची असेल. घट्ट बांधलेले केस, पायात पुरुषी बूट, आणि बोलणं फार थोडं. ती आली होती कारण मोठ्या साखळी-दुकानांसाठी माल घेणाऱ्या एका कंपनीने तिला भेटायला बोलावलं होतं. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने एकदा हात धरला की मळा तरणार होता. नाही तर दीर म्हणत होता, सगळं विकून तोरिनोला मुलाकडे जाऊ. हे सगळं सांगताना एन्झोचे डोळे भरून आले. पिएरिनाचे नाही.

त्या कंपनीचं ऑफिस बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये होतं. एन्झोची व्हॅन, पुढे तो आणि पिएरिना, मागे बाटल्यांच्या खोक्यांशेजारी मी आणि नाना. नानांना नको म्हटलं होतं. ते म्हणाले, "द्राक्षाचा सौदा आहे आणि मी घरी बसू?"

काचेची इमारत, गालिचा, टेबलावर पांढरा कापडी रुमाल. कंपनीचा बायर, म्हणजे माल पसंत करणारा, तिशीतला पोरगा होता, वागायला अगदी सभ्य. त्याने पेला तिरका करून रंग पाहिला, वास घेतला, घोट घेऊन गालांत घोळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

"थुंकला!" नाना मोठ्याने म्हणाले. "अगं, त्याने थुंकली ती!"

"नाना, तशी पद्धत असते."

"असली कसली पद्धत? तिच्या घरचं आहे ते!"

बायरने हसून विचारलं, वडील काय म्हणताहेत. मी म्हटलं, हवेबद्दल बोलताहेत. मग त्याने सांगितलं. वाइन चार्मिंग आहे, पण अवघड आहे. रंग पाहून गिऱ्हाईक म्हणेल पातळ आहे. नाव कुणाला उच्चारता यायचं नाही. पण टेकडी छान, उतार छान, आणि त्याला आता उत्तर इटलीतलं शार्दोने हवं होतं. "ही वेल काढून शार्दोने लावा. जेवढी होईल तेवढी मी घेतो."

एन्झोने ते पिएरिनाला तिच्या बोलीत सांगितलं. ती टेबलाकडे बघत राहिली. मी नानांना मराठीत सांगितलं. नानांचा चेहरा उजळला.

"हुशार माणूस आहे हा. बरोबर बोलतोय. जे खपतं ते लावायचं."

माझ्या डोक्यात अशी सणक गेली, की मी तिथे काही बोलले नाही हेच नशीब. बाहेर कार पार्कमध्ये आलो, एन्झो खोकी व्हॅनमध्ये आदळायला लागला, तेव्हा मी सुरू झाले. "आयुष्यभर तेच! तुम्हाला त्या बाईचं तोंड दिसलं नाही का? सगळ्यांनी एकच लावायचं, सगळीकडे एकच खायचं! जगात दुसरी द्राक्षंच ठेवायची नाहीत का?"

"ओरडू नको. लोक बघतात."

"बघू देत!"

आमचं काय चाललंय ते पिएरिनाने एन्झोला विचारलं. एन्झोने मला विचारलं. मी रागारागात सांगितलं: माझे वडील म्हणताहेत की उपटा. यांनीही उपटली होती, आमच्या गावची जुनी वेल.

हे तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती नानांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने विचारलेलं एन्झोने इंग्रजीत केलं, मी मराठीत केलं, नानांचं उत्तर उलट्या वाटेने गेलं. मधे लॉरी आली की थांबायचं. तीन भाषांतून एक वाक्य पोचेपर्यंत माझा अर्धा जीव जात होता.

"ती विचारते, त्या वेलींचं काय केलंत?"

"काय करणार? पांगाऱ्यासकट उपटल्या. सगळा हिवाळा चुलीत जळत होत्या."

"ती विचारते, एकही ठेवली नाही?"

"नाही."

पिएरिनाने पुन्हा काहीतरी विचारलं.

"ती विचारते, चव कशी होती?"

मला वाटलं नाना म्हणतील, चव कसली, आंबट ढोण. ते टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, नाना, एन्झो थांबलाय.

"थांबू दे," ते म्हणाले. "साल जाड होती. आंबूस. बी चावली तर तोंड कडू व्हायचं. गिऱ्हाइकाला नको होती." मग म्हणाले, "पण उन्हात काम करताना तहान भागायची ती तिनेच. चार मणी तोंडात टाकायचे, साल चघळत राहायची. थॉम्पसनने तहान भागत नाही. उलट वाढते."

मी हे इंग्रजीत सांगायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. एन्झोने कोपराने ढोसलं तेव्हा सांगितलं. पिएरिनाने मान हलवली. जणू तिला हे ठाऊकच होतं.

"तिला म्हणावं, सगळी उपटू नको," नाना म्हणाले. "अर्धी ठेव. खालच्या सपाट जमिनीत त्याला काय हवं ते लाव. वरची टेकडी ठेव."

आता मात्र माझं डोकं पार फिरलं. "नाना, इतकी वर्षं आम्हाला काय ऐकवलंत? आणि आत्ता हे? आई बिचारी हळहळत राहिली. तिला एकदा तरी बोलायचंत!"

"तुम्ही विचारलं कुठे?" नाना म्हणाले. "भांडलात. हिने विचारलं."

घरी आल्यावर नानांनी ईशाला हाक मारली आणि तिच्याकडून टीव्हीवरची कार्टून समजावून घेत बसले. मी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या, की सुहास स्वयंपाकघरात डोकावून परत गेले.

पिएरिनाने ऐकलं. नानांचं म्हणून ऐकलं की तिच्या मनातच ते होतं, हे कळायला मार्ग नाही. नाना मात्र मरेपर्यंत श्रेय सोडणार नव्हते. पुढे काही वर्षांनी ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही तिघं एन्झोबरोबर तिच्याकडे गेलो. मोन्फेर्रातो या तिच्या भागातल्या त्या टेकड्या मी पत्त्यांवर इतकी वर्षं टाइप केल्या होत्या. प्रत्यक्षात पाहिल्या तर जवळजवळ, एकमेकींना खेटून. या टेकडीवर फ्राइझावाल्यांचं घर, पलीकडे रुकेवाल्यांचं, आणि दोघांचं बांधावरून वैर. सगळे एकमेकांची वाइन प्यायचे आणि ती कशी बिघडलीय ते सांगायचे. पिएरिनाच्या दिराने मला तळघरात नेऊन पिंपं दाखवली आणि शार्दोनेला शिव्या दिल्या, मग शार्दोनेच्याच पैशांनी घेतलेला ट्रॅक्टर अभिमानाने दाखवला. खालच्या सपाटीवर शार्दोने होती, वर उतारावर ग्रिन्योलिनो. घडात काही मणी रंगलेले, काही अजून हिरवे. ती कधी एकसारखी पिकत नाही म्हणे. मी एक मणी तोडून चावला आणि बिया थुंकल्या. ईशाही एक चावून म्हणाली, "ई, मम्मी, तो द्राक्ष किती आंबट आहे!" मी तिचं व्याकरण दुरुस्त करायला गेले नाही. दमले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाची शार्दोने इंग्लंडभर झाली. पिवळीजर्द, गोडसर, वर्षभर एकसारखी. बेसिंगस्टोकच्या कंपनीने पिएरिनाला एक सभ्य पत्र पाठवून हात काढून घेतला. तो बायर तोवर दुसरीकडे गेला होता. पण वरची टेकडी होती. तेवढ्यात तेवढ्याने तिचं आणि दिराचं भागलं. तोरिनोला कुणी गेलं नाही. एन्झोच्या दुकानात तोपर्यंत फिकी वाइन मुद्दाम मागणारी काही माणसं तयार झाली होती. ती माझ्याशी भांडून भांडून तयार झाली होती, असं एन्झो सांगतो. मी हे फोनवर नानांना कळवलं.

"सांगितलं होतं ना, अर्धी ठेव म्हणून," ते म्हणाले. पुढे मिनिटभर फोनवर नुसते हसत होते. कॉलचे पैसे माझे.

ते नाना गेले. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. इतक्या लांब राहणाऱ्यांच्या वाट्याला असंच येतं, त्याबद्दल इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

वर्षश्राद्धाला पुन्हा गेले. तुमच्यापैकी जे परदेशात आहेत त्यांना माहीत आहे, गावी गेलं की आपलं काय होतं ते. वहिनीने माझ्यासाठी सीलबंद पाण्याच्या बाटल्या आणून ठेवलेल्या. भाजीत तिखट कमी. मी मळ्यात निघाले की कुणीतरी खुर्ची घेऊन मागे. वाकून एक काडी उचलली तरी, "ताई, तुम्ही राहू द्या." जन्मले त्या घरात मला कुणी पाण्याचा हंडा उचलू देईना. साउथहॅम्प्टनला मी वाइनची खोकी उचलते हे त्यांना पटलंच नसतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दिलीप मळ्यात वेली दाखवत होता. सहज म्हणाला, "या सगळ्या काढणार आहे."

"सगळ्या? का?"

"वाइनचे कारखाने निघताहेत आपल्याकडं. पुण्या-मुंबईची माणसं येऊन माती बघून गेली. परदेशी जात लावायची. करार करतो म्हणतात. तू त्याच धंद्यातली, तुलाच विचारणार होतो. शार्दोने लावू का?"

मी खुर्चीवरून उठले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. पिएरिनाची टेकडी, ते सभ्य पत्र, ऑस्ट्रेलिया, सगळं एकदम बाहेर आलं. "एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर सगळा मळा उपटायचा? आमच्याकडे असं कुणी करत नाही! आमच्याकडे अर्धी तरी ठेवतात!"

"तुमच्याकडे म्हणजे कुठं?" दिलीपने विचारलं. "इंग्लंडात द्राक्षं होतात?"

मी इटली म्हणणार होते. मग लक्षात आलं, ती एन्झोची इटली. माझी तिथे सुट्टीतली ओळख.

"आणि काय गं," तो आता तापला होता, "थॉम्पसनला जन्मभर नावं ठेवलीस. आज तीच वाचवायला निघालीस?"

"मी थॉम्पसन वाचवत नाहीये!"

"मग काय करतीस?"

ते मलाच कळत नव्हतं. वहिनी चहा घेऊन बांधावर आली होती. आमचे आवाज ऐकून तिथेच थबकली. मी मांडवाखाली शिरून वेलीचं खोड दोन्ही हातांनी धरलं आणि दाखवायला लागले, ही कशी निरोगी आहे, हिला अजून कितीतरी वर्षं आहेत, छाटणी मात्र साफ चुकलीय. ही काडी कुणी ठेवली?

"मी ठेवली! तुला काय कळतंय त्यातलं?" दिलीप माझ्याकडे आला, माझा दंड धरून मला सरळ मागे ओढलं. "हो बाजूला! पाय बघ कुठं ठेवलायस, ड्रिपची नळी तुडवली! चल, हो बाजूला!"

वहिनी घाबरून म्हणाली, "अहो, ताईंना काय बोलताय?" त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि मलाही फारसं नाही. मी त्याला ढकलून पुन्हा त्याच वेलीशी गेले. खुर्ची मागे उन्हात तशीच होती. पंधरा-सोळा वर्षांत मला त्या मळ्यात कुणी "हो बाजूला" म्हटलं नव्हतं. पाहुणीला असं कुणी म्हणत नाही.